कुंचला, कॅमेरा आणि शेतकऱ्याची झोपडी : कलामहर्षी बाबूराव पेंटर

कोल्हापूर शहराला जुनी माणसे कौतुकाने 'कलापूर' म्हणतात. आबालाल रहिमान यांच्यासारखा निसर्गचित्रकार, संगीतसूर्य केशवराव भोसले यांच्यासारखा नट आणि व्ही. शांताराम यांच्यासारखा चित्रपट-दिग्दर्शक ज्या नगरीने दिला, तिला हे नाव शोभून दिसते यात शंका नाही. या नामावळीत एका व्यक्तीचे स्थान मात्र थोडे निराळे आहे. त्यांचे मूळ आडनाव लोक विसरले आणि त्यांच्या हातचे कामच त्यांचे आडनाव झाले. ते म्हणजे कलामहर्षी बाबूराव पेंटर. त्यांच्या जीवनकार्याचा परिचय वाचकांना करून द्यावा, असे आम्हाला बरेच दिवस वाटत होते. पौराणिक चित्रपटांचे निर्माते म्हणून त्यांचे नाव अनेकांना ठाऊक असते. आमचे लक्ष मात्र त्यांच्या एका वेगळ्या कृतीकडे आहे. मातीत राबणाऱ्या माणसाचे कष्ट कलेत कसे उतरवावेत, हा प्रश्न जगातील अनेक चित्रकारांना पडला. कोल्हापूरच्या या पेंटरने त्याचे जे उत्तर शोधले, त्यासाठी त्यांना पुष्कळ किंमत मोजावी लागली.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. घराणे कारागिरांचे. वडील लाकूड, लोखंड आणि हस्तिदंत या तिन्ही माध्यमांत काम करणारे कुशल कारागीर होते. रंगकाम आणि मूर्तिकामही त्यांना अवगत होते. शाळेचे शिक्षण बाबूरावांच्या वाट्याला फारसे आले नाही. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची पायरीही त्यांनी विद्यार्थी म्हणून चढली नाही. जे काही शिकले ते घरच्या कामठ्यावर, हत्यारे हाताळता हाताळता. त्यांचे चुलतबंधू आनंदराव हे वयाने मोठे आणि बुद्धीने तितकेच तल्लख होते. हे दोघे भाऊ लहानपणापासून एकमेकांच्या सोबतीने काम करू लागले.

त्या काळी कारागीर आणि कलावंत यांच्यात आज आपण पाहतो तशी भिंत नव्हती. जो माणूस सकाळी बैलगाडीच्या चाकाला धाव बसवील, तोच दुपारी देव्हाऱ्याची महिरप कोरील आणि संध्याकाळी गणपतीच्या मूर्तीला रंग देईल. हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की बाबूरावांना श्रम ही गोष्ट पुस्तकातून किंवा दुरून कळलेली नव्हती. शेतकऱ्याचा नांगर मोडला की तो ज्याच्या दाराशी येतो, अशा सुतार-लोहारांच्या परंपरेत ते वाढले होते.

संगीत नाटकांचा तो सुवर्णकाळ होता. शाहू छत्रपतींच्या आश्रयामुळे कोल्हापुरात नाटक मंडळ्यांचा राबता असे. महाराजांनी उभारलेले पॅलेस थिएटर १९१५ मध्ये सुरू झाले. पुढे त्याला केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. (ऑगस्ट २०२४ मध्ये ही वास्तू आगीत भस्मसात झाली, तेव्हा कोल्हापूरकर रस्त्यावर उभे राहून रडले.) नाटक म्हटले की पडदे आलेच. दरबाराचा पडदा, जंगलाचा पडदा, रस्त्याचा, देवळाचा, नदीकाठचा. प्रेक्षक नटांच्या गाण्याइतकेच या पडद्यांवरही जीव टाकीत. १९१० ते १९१६ या काळात आनंदराव आणि बाबूराव हे पश्चिम भारतातील अग्रगण्य पडदे-चित्रकार म्हणून गणले जात. केशवराव भोसले यांच्या 'ललितकलादर्श'साठी त्यांनी पडदे रंगवले, तसेच गुजराती आणि पारशी नाटक कंपन्यांसाठीही. याच काळात 'मेस्त्री' हे नाव मागे पडून 'पेंटर' हे नाव लोकांच्या तोंडी बसले.

पडदा रंगवणे हे काय काम आहे, याची कल्पना आजच्या पिढीला सहसा नसते. भिंतीएवढे कापड, त्यावर आधी खळीचा हात, मग भुकटीचे रंग सरसात कालवून मोठमोठ्या कुंचल्यांनी द्यायचे. बोटाएवढ्या कुंचल्याने नाजूक कलाकुसर करीत बसलो तर शेवटच्या रांगेतील प्रेक्षकाला काहीच दिसणार नाही. म्हणून कुंचल्याचा फटकारा रुंद हवा, रंग भरघोस हवा, आणि उजेड कुठे व अंधार कुठे हे पहिल्या दृष्टिक्षेपात कळले पाहिजे. जवळून पाहिले तर नुसते ओबडधोबड पट्टे दिसतात. पंचवीस हात मागे सरकावे, तर त्याच पट्ट्यांचा महाल होतो. चित्रकाराला दिवसभर वाकून, उभे राहून, शिडीवर चढून हे काम करावे लागते आणि खांदे भरून येतात. शेतमजुराच्या कामाशी याचे नाते आहे असे कोणी म्हटले तर आम्ही हरकत घेणार नाही. छायाप्रकाशाचे जे ज्ञान बाबूरावांना पुढे कॅमेऱ्यामागे उपयोगी पडले, त्याचा पाया या पडद्यांनी घातला, असे आमचे मत आहे.

१९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला आणि या दोन भावांच्या डोक्यात नवे वेड शिरले. चित्र हलू शकते, हे त्यांना कळले. मुंबईच्या जुन्या बाजारातून त्यांनी एक प्रोजेक्टर मिळवला, चित्रपटांचे खेळ करू लागले आणि त्या निमित्ताने यंत्राचा अभ्यास सुरू केला. परदेशी कॅमेरा विकत घेण्याएवढे द्रव्य जवळ नव्हते. तेव्हा कॅमेरा घरीच बनवायचा, असे त्यांनी ठरवले.

हा निश्चय किती धाडसाचा होता हे समजण्यासाठी यंत्राचे थोडे अंतरंग पाहावे लागेल. चित्रपटाची फीत भिंगासमोरून सलग धावत नाही. ती एका चौकटीएवढी सरकते, क्षणभर निश्चल थांबते, त्या क्षणी झडप उघडून उजेड आत येतो, झडप मिटते आणि फीत पुन्हा सरकते. मूकपटांच्या काळी हे एका सेकंदात सोळा वेळा किंवा त्याच्या आसपास घडत असे, तेही हाताने दांडा फिरवून. फितीच्या कडेची भोके आणि चक्रांचे दाते यांच्यात केसाएवढा जरी फरक पडला तरी चित्र थरथरते किंवा फीत फाटते. असे दातेरी चक्र कानशीने घासून तयार करायचे, हे काम कोणत्याही विद्यापीठाने शिकवले नसते. ते लोहारकामातूनच येणार होते.

हे काम चालू असतानाच १९१६ मध्ये आनंदराव अकाली निधन पावले. बाबूरावांचे वय तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. ज्याच्या बरोबरीने हात चालवले, ज्याच्या कल्पनेवर आपली कल्पना बेतली, तो सोबती अर्ध्यावर निघून गेला. एखाद्याने हे वेड तिथेच सोडले असते. बाबूरावांनी आपले शिष्य विष्णुपंत दामले यांना हाताशी धरले आणि १९१८ पर्यंत चालता कॅमेरा सिद्ध केला. भारतीय चित्रपटाच्या इतिहासात या घरगुती कॅमेऱ्याला मानाचे स्थान आहे.

पुढील काही वर्षांचा वृत्तांत सर्वत्र उपलब्ध असल्याने आम्ही तो थोडक्यात देतो. तानीबाई कागलकर या गायिकेच्या आर्थिक पाठबळावर कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. दामले, शेख फत्तेलाल आणि पुढे येऊन मिळालेला तरुण शांताराम अशी निरनिराळ्या जातिधर्मांची मंडळी तेथे एका कुटुंबासारखी काम करीत. झाडलोट, सुतारकाम, रंगकाम, अभिनय, फीत धुणे, जे पडेल ते प्रत्येकाने करायचे. १९२० मध्ये 'सैरंध्री' हा पहिला चित्रपट पुण्याच्या आर्यन चित्रगृहात झळकला. लोकमान्य टिळकांनी प्रसन्न होऊन बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. कीचकवधाचे दृश्य इतके खरे वठले होते की इंग्रज सरकारच्या परिनिरीक्षकांनी ते कापायला लावले.

या चित्रपटातील एक गोष्ट मात्र घाईने ओलांडून जाता येत नाही. फाळक्यांना आपल्या पहिल्या चित्रपटात तारामतीचे काम पुरुषाकडून करवून घ्यावे लागले होते. बाबूरावांनी गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोन स्त्रियांना पडद्यावर आणले. त्यांची नावे पडद्यापुरती कमलादेवी आणि सुशीलादेवी अशी ठेवली गेली. अभिनय करणे हे त्या काळी स्त्रीला लांच्छन समजले जाई. या दोघींना त्यांच्या समाजाने वाळीत टाकले आणि त्यांना स्टुडिओच्या आवारातच आसरा घ्यावा लागला. ज्या कलेची लोक वाहवा करीत होते, तिची किंमत या दोन स्त्रिया चुकवीत होत्या. चित्रपटाच्या इतिहासात त्यांच्या वाट्याला जेमतेम एखादी ओळ येते, याचे आम्हाला वाईट वाटते.

'सिंहगड' १९२३ मध्ये आला. हरि नारायण आपटे यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीवरील या चित्रपटात बाबूरावांनी रात्रीच्या दृश्यांसाठी कृत्रिम प्रकाशाचा वापर केला. तोपर्यंत आपल्याकडे सूर्य असेल तेवढाच चित्रपट असे. रंगवलेल्या पडद्यांपुढे नट उभे करण्याची पद्धतही त्यांनी सोडली आणि लाकूड-मातीचे खरे, घनाकार देखावे उभारले. ज्याने सारे तारुण्य पडदे रंगवण्यात घालवले, त्यानेच पडदा गुंडाळून ठेवावा, हे पाहून आम्हाला त्यांच्याविषयी विशेष आदर वाटतो. जाहिरातीची भित्तिचित्रे ते स्वतः रंगवीत. चित्रीकरणापूर्वी पात्रांचा वेष आणि हालचाली यांची रेखाटने करून ठेवीत.

येथे आम्ही वाचकांना थोडा वेळ कोल्हापुराबाहेर नेऊ इच्छितो.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी, विशेषतः जुन्या घरांच्या ओटीवर, एक चित्र टांगलेले असे. संधिप्रकाशात शेतात उभे असलेले एक जोडपे, पुरुषाने टोपी काढून हातात धरली आहे, स्त्रीने हात जोडले आहेत, पायाशी बटाट्यांची टोपली, आणि दूर क्षितिजावर चर्चचा मनोरा. हे फ्रेंच चित्रकार जाँ-फ्रान्स्वा मिले यांचे 'आंजेलस' नावाचे चित्र. १८५७ ते १८५९ या काळात ते रंगवले गेले. मिले यांचा जन्म १८१४ मध्ये नॉर्मंडीतील शेतकरी कुटुंबात झाला. शेतात काम चालू असताना सायंकाळची घंटा ऐकू आली की त्यांची आजी सर्वांना थांबवून प्रार्थना म्हणायला लावीत असे. ती आठवण या चित्रामागे आहे. त्यांचे दुसरे प्रसिद्ध चित्र १८५७ मधले. कापणी झालेल्या शेतात तीन बाया वाकून पडलेली कणसे वेचत आहेत. याला आपल्या भाषेत 'सरवा वेचणे' असा नेमका शब्द आहे. पवित्र शास्त्रातील रूथ बवाजाच्या शेतात हेच करीत होती.

मिले यांच्या या चित्रांचे आज सर्वत्र कौतुक होते, पण त्यांच्या हयातीत त्यांना बरेच ऐकून घ्यावे लागले. १८५० मधील त्यांच्या 'पेरणारा' या चित्रातील रंगांचे थर इतके जाड आणि खरखरीत होते की, हा रंग कुंचल्याने दिलेला नसून गवंड्याने थापीने थापलेला आहे, अशा अर्थाची टीका एका नामवंत समीक्षकाने केली. टीकाकाराच्या दृष्टीने तो दोष होता. आम्हाला मात्र वाटते की त्याने नकळत खरे तेच सांगितले. ढेकळांतून चालणाऱ्या माणसाचे चित्र गुळगुळीत रंगाने काढले तर त्याच्या पायाखालची जमीन खोटी वाटते. रंग स्वतःच मातीसारखा जड झाला, त्यात कुंचल्याच्या फटकाऱ्यांचे तास उमटले, की पाहणाऱ्याच्या डोळ्यालाही कष्ट जाणवू लागतात.

पुढे व्हिन्सेंट व्हॅन गॉग यांनी हाच मार्ग आणखी पुढे नेला. ते एका प्रॉटेस्टंट पाळकाचे पुत्र. १८७९ च्या सुमारास बेल्जियममधील कोळसा-खाणींच्या प्रदेशात ते धर्मप्रचारक म्हणून राहिले आणि खाणकामगारांसारखेच दारिद्र्यात जगू लागले. १८८५ मध्ये त्यांनी 'बटाटे खाणारे' हे चित्र काढले. एका दिव्याच्या उजेडात बसलेले शेतकरी कुटुंब, हाडे वर आलेले चेहरे, गाठाळलेली बोटे. त्या चेहऱ्यांचा रंग मातीने माखलेल्या, न सोललेल्या बटाट्यासारखा असावा, अशी त्यांची इच्छा होती. ज्या हातांनी जमीन खणली तेच हात ताटात जात आहेत, हे दिसावे म्हणून त्यांनी रंग जाड ठेवला आणि सौंदर्य बाजूला सारले.

बाबूरावांनी या चित्रकारांचे अनुकरण केले असे आम्हाला सुचवायचे नाही. प्रश्न एकच होता, एवढेच आमचे म्हणणे. आता तो कोल्हापुरात कसा उभा राहिला ते पाहू.

महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या कपाळी निसर्गाच्या लहरीबरोबर सावकाराचे खातेही लिहिलेले असे. सारा रोखीत भरायचा, पीक हाती यायच्या आधी भरायचा, म्हणून कर्ज काढायचे. अक्षरओळख नसल्याने कागदावर काय लिहिले आहे ते न कळताच अंगठा उठवायचा. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा संयम सुटला. पुणे आणि नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत सावकारांच्या घरांवर चालून जाऊन त्यांनी कर्जरोखे जाळले. त्यांचा राग माणसांपेक्षा कागदांवर अधिक होता, हे त्या उठावाचे वैशिष्ट्य. १८७९ मध्ये सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला. १८८३ मध्ये महात्मा फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. कायदा झाला, पुस्तक झाले, तरीही गहाण पडलेल्या जमिनी सुटल्या नाहीत.

१९२५ मध्ये बाबूरावांनी 'सावकारी पाश' हा मूकपट काढला. एक निरक्षर शेतकरी, एक लोभी सावकार आणि मधे जमिनीचा तुकडा, अशी ही कथा. जमीन जाते. तरुण शेतकरी गाव सोडून शहरात येतो आणि गिरणीत मजूर होतो. शेतकऱ्याचे काम शांताराम यांनी केले. 'सैरंध्री'तल्या कमलादेवीही या चित्रपटात होत्या. देव नाहीत, राजे नाहीत, शाप नाही, चमत्कार नाही. त्या वेळी भारतात तयार होणारे बहुसंख्य चित्रपट पौराणिक किंवा ऐतिहासिक असताना हा विषय निवडणे म्हणजे बाजाराच्या उलट दिशेने चालणे होते.

या चित्रपटाची निर्मिती चित्रकाराच्या दृष्टीने समजून घेण्यासारखी आहे. मूकपटांच्या काळातील नेहमीच्या फितीला तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे. तांबडे ते सारे काळे उमटे आणि निळे आकाश पांढरेफटक. कोल्हापुरी लाल पागोटे घातलेला माणूस उभा केला तर त्याच्या डोक्यावर काळा गोळा दिसणार. तांबूस माती काळीभोर होणार, उन्हाने रापलेला चेहरा आणखी काळवंडणार. म्हणजे ज्याने आयुष्यभर रंगांवर भरवसा ठेवला, त्याच्या हातातून रंगच काढून घेतले गेले होते. उरले फक्त उजेड आणि काळोख. साहजिकच, शेतकऱ्याचे दैन्य दाखवायला हाच काळोख कामी आला.

ज्येष्ठ निर्माते जे. बी. एच. वाडिया यांनी हा मूकपट पाहिला होता. पुष्कळ वर्षांनंतरही त्यांच्या स्मरणात एक दृश्य टिकून होते. ओसाड झोपडी, अत्यंत मंद प्रकाश, आणि त्या भयाण शांततेत ऊर काढणारे एक कुत्रे. चित्रपट मुका, त्यामुळे कुत्र्याचे रडणे कानाला ऐकू येणे शक्यच नव्हते. ते डोळ्यांनी ऐकायचे होते. झोपडीत माणूस नाही, हे सांगायला माणसाची गरज पडली नाही. मिलेने मातीसारखा जड रंग वापरला, व्हॅन गॉगने दिव्याखालचे चेहरे मातकट केले, आणि बाबूरावांनी काळोखाचा जाड थर देऊन त्यात एक कुत्रे ठेवले. तिघांनीही एकच गोष्ट टाळली. गरिबाला गोजिरवाणे केले नाही.

आपल्याकडील चित्रांत आणि दिनदर्शिकांवर शेतकरी अनेकदा दिसतो. डोक्यावर फेटा, हातात कणीस, मागे उगवता सूर्य, बैलांच्या शिंगांना गोंडे. अशी चित्रे पाहायला प्रसन्न वाटतात हे खरे. पण भातलावणीच्या चिखलात दिवसभर वाकलेली कंबर किंवा गुऱ्हाळात कढईपाशी रात्र काढणारा गुळव्या त्यांत कधी नसतो. शाहू महाराजांनी वसवलेल्या शाहूपुरीच्या गूळ बाजारातून जो गूळ देशभर जाई, त्याच्यामागे किती जणांची अंगे भाजली असतील! 'सावकारी पाश'ने बाबूरावांच्या गावकऱ्यांना त्यांच्याच वेशीबाहेरचे चित्र दाखवले.

गावकऱ्यांनी ते पाहण्यास नकार दिला. जाणकारांनी वाखाणलेला हा चित्रपट व्यवसायात अपयशी ठरला. प्रेक्षकांना भीम हवा होता, तानाजी हवा होता, सोनेरी मुकुट आणि रथ हवे होते. दिवसभर जे भोगायचे तेच रात्री पैसे मोजून का पाहायचे, असे कोणाला वाटले असेल तर त्याला दोष देणे कठीण आहे. तरीही आम्ही असे म्हणू की कोल्हापूरच्या खेळघरातून उठून गेलेल्या त्या प्रेक्षकांनी एका कलावंताला त्याच्या सर्वांत चांगल्या वाटेवरून मागे फिरवले. बाबूराव पुन्हा पोशाखी चित्रपटांकडे वळले. कंपनीत अनेक पोटे त्यांच्यावर अवलंबून होती.

त्यानंतरची वर्षे उताराची आहेत. जून १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर ही त्यांनीच घडवलेली माणसे कंपनी सोडून गेली. सीताराम कुलकर्णी यांना सोबत घेऊन त्यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. प्रभातचे वैभव सर्वज्ञात आहे. गुरूच्या हाताखाली शिकलेले छायाप्रकाशाचे आणि देखाव्यांचे ज्ञान त्या वैभवाच्या मुळाशी होते, हे मात्र सांगावे लागते. शिष्य पुढे गेले याचा आनंद आणि घर रिकामे झाले याचे दुःख, दोन्ही एकाच वेळी सोसणे बाबूरावांच्या वाट्याला आले. त्यातच बोलपट आला. महाराष्ट्र फिल्म कंपनी तग धरू शकली नाही आणि बंद पडली. चित्राने बोलावे, माणसांनी कमी बोलावे, अशा मताच्या कलावंताला तो गोंगाट मानवणारा नव्हता.

१९३५ मध्ये कोल्हापूरच्या शालिनी सिनेटोनसाठी त्यांनी 'उषा' दिग्दर्शित केला. १९३६ मध्ये त्यांनी 'सावकारी पाश' पुन्हा काढला, या वेळी बोलपट म्हणून. अकरा वर्षांपूर्वी ज्या विषयाने अपयश दिले तोच विषय पुन्हा हाती घेणारा माणूस हिशेबी नव्हता, हे उघड आहे. ही गोष्ट त्यांच्या मनातून गेलीच नसावी. १९३७ मध्ये 'प्रतिभा' आला. पुढे 'लोकशाहीर रामजोशी' या १९४७ मधील चित्रपटाच्या निमित्ताने शिष्य शांतारामांच्या संस्थेत गुरूने काही काळ काम केले.

तरी मन रमले ते चित्रशाळेतच. तैलरंगांतील व्यक्तिचित्रे आणि देवदेवतांची चित्रे, मातीत आणि धातूत घडवलेले पुतळे, यांत त्यांनी उत्तरायुष्य घालवले. वडिलांच्या कामठ्यावर जे हात घडले होते, ते पुन्हा आपल्या मूळ कामाकडे परतले. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात त्यांचे निधन झाले.

त्याच्या आदल्याच वर्षी बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन' प्रदर्शित झाला होता. जमीन वाचवण्यासाठी गाव सोडून कलकत्त्यात रिक्षा ओढणाऱ्या शेतकऱ्याची ती कथा. देशात आणि परदेशात तिचा गौरव झाला. १९५७ मध्ये 'मदर इंडिया'तील सावकार घराघरांत पोहोचला. तोवर प्रेक्षक बदलले होते. कोल्हापुरात हाच शेतकरी १९२५ मध्ये येऊन गेला होता, हे फार थोड्यांच्या लक्षात राहिले.

१९२५ च्या 'सावकारी पाश'ची प्रत आज उपलब्ध नाही. त्या काळच्या फिती ज्या द्रव्यापासून बनत ते चटकन पेट घेई, नाहीतर डब्यात पडून पडून कुजून त्याची भुकटी होई. भारतातील बहुसंख्य मूकपट असेच नाहीसे झाले. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या चित्रपटांपैकी 'मुरलीवाला' आणि 'सती सावित्री' या १९२७ मधील चित्रपटांचे काही तुकडे तेवढे शिल्लक आहेत. नाटकांचे पडदेही वापरून वापरून विरले. बाबूरावांच्या स्मरणार्थ कोल्हापुरात कॅमेऱ्याची प्रतिकृती असलेला स्तंभ उभारलेला आहे. दरवर्षी त्यांच्या जयंतीला आणि पुण्यतिथीला कलाप्रेमी मंडळी तेथे जमतात आणि हार घालतात.